सेवाभावाला विद्येची जोड हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या भागातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते, आता पुढे काय? गेल्या काही वर्षांत या चर्चेत नर्सिंगचे नाव वारंवार येऊ लागले आहे. पूर्वी फक्त मुलींसाठी विचार होत असे, आता मुलांसाठीही होतो. याची कारणे उघड आहेत. अभ्यासक्रम संपला की नोकरी लवकर लागते. कलबुर्गी, सोलापूर, पुणे, बेंगळुरू येथे मागणी आहे, परदेशातही संधी आहे. शिवाय कोरडवाहू शेतीवर किंवा क्षेत्रातील छोट्या दुकानावर चालणाऱ्या घराला एक कायमचा पगार मिळाला तर दोन भावंडांचे शिक्षण मार्गी लागते. ही निवड चांगली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु प्रवेश घेताना पालक जे प्रश्न विचारतात त्यांत एक प्रश्न हमखास राहून जातो. फी किती, वसतिगृह आहे का, नोकरी लागेल का, हे सगळे विचारले जाते. ‘इथे शिकवतात कसे?’ हे मात्र कोणी विचारत नाही. इतर अभ्यासक्रमांत हा प्रश्न राहून गेला तर नुकसान विद्यार्थ्याचे होते. नर्सिंगमध्ये ते नुकसान खाटेवर पडलेल्या तिसऱ्याच माणसाचे होते, आणि त्या माणसाला आपल्या सिस्टरने कोणत्या कॉलेजात काय शिकले हे विचारण्याची सोय नसते. म्हणून या विषयावर पालक, विद्यार्थी आणि विश्वस्त मंडळ या तिघांसमोर चार शब्द मांडावेसे वाटतात.

आपण गाणगापूरचे लोक. ‘सेवा’ हा शब्द इथे रोज कानावर पडतो. भीमा-अमरजा संगमावर आणि निर्गुण मठात दूरदूरचे आजारी, गांजलेले लोक येऊन राहतात. दुपारी माधुकरीच्या वेळी त्यांच्या झोळीत कोणी ना कोणी भाकरी घालतोच. दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाठ फिरवायची नाही, हा संस्कार आपल्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणूनच की काय, आपल्याकडे एक समजूत पक्की झाली आहे की मुलगी मायाळू आहे, कामाला वाघीण आहे, म्हणजे ती चांगली नर्स होणार. ही समजूत अर्धीच खरी आहे. माया हवीच. पण नुसत्या मायेने सलाईनचा वेग ठरत नाही आणि नुसत्या कळवळ्याने औषधाची मात्रा मोजता येत नाही.

हिशेब चुकला तर

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले. सिस्टरने ४० ची सिरिंज घेतली आणि २० च्या रेषेपर्यंत भरली, म्हणजे अर्धा मिलिलिटर औषध आले. कुपी ४० ची असेल तर मात्रा बरोबर. पण कुपी १०० ची असेल तर रुग्णाच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट गेले. अडीच पट! रक्तातील साखर झपाट्याने उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, वेळेवर लक्षात आले नाही तर दगावूही शकतो. उलट, १०० ची सिरिंज आणि ४० ची कुपी अशी गल्लत झाली तर २० ऐवजी केवळ ८ युनिट जातात आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून नातेवाईक चिंतेत पडतात. या चुकीत सिस्टरच्या मायेत काहीच उणे नसते. उणे असते ते तिच्या शिक्षणात. दोन टोपणांचे रंग आणि त्यामागचा गुणाकार तिला कोणी शेजारी उभे राहून दहा वेळा करून दाखवला होता का, हा खरा प्रश्न आहे.

घरातले उदाहरण हवे असेल तर तापाचे औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या लहान बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सरबतासारख्या पातळ औषधात बहुधा ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. म्हणजे त्याच एका चमच्यात थेंबांचे औषध भरले तर चौपट मात्रा जाते. बाटलीवरचे वाचून हिशेब करणे ही सवय आहे, आणि सवय शिकवावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गणित: ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. नळीतून पडणाऱ्या २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत? उत्तर सुमारे ४२ येते. सातवी-आठवीचे हे त्रैराशिक आहे. ‘हे गणित पुढे कशाला उपयोगी पडणार?’ असे विचारणाऱ्यांनी हे उत्तर लक्षात ठेवावे.

इतिहास काय सांगतो

शिक्षण आणि रुग्णाचा जीव यांचा संबंध आज नव्याने कळलेला नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच हात न धुता बाळंतिणी तपासायला येत. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्यूचा आकडा जूनपर्यंत अडीच टक्क्यांच्या खाली आला. शिकणाऱ्यांच्या हातूनच रोग पोहोचत होता, आणि शिकवण्याची पद्धत बदलल्यावर तो थांबला.

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्राची परंपरा मोठी आहे. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली मुंबईत प्रशिक्षण घेणाऱ्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येते. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या माध्यमातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी पुढे आणले. ज्या काळात हे काम हलके मानले जात होते, त्या काळात रमाबाईंनी या स्त्रियांना केवळ ‘सेवा करा’ असे सांगितले नाही. त्यांनी रीतसर शिक्षणाचा आग्रह धरला.

अलीकडच्या संशोधनाने याला आकड्यांची जोड दिली आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील ९ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात होती. निष्कर्ष असा, की एका नर्सवर एक रुग्ण अधिक पडला की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सेसचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती शक्यता ७ टक्क्यांनी घटते. युरोपातले आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असे नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पुरेशा आणि शिकलेल्या नर्सेस असतील तर माणसे वाचतात.

आणि आकड्यांपलीकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावे. आपल्याच कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात तेथील परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे खिळून राहिलेल्या देहाला शय्याव्रण होऊ दिले नव्हते! ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस सांभाळले आहे, त्यांनाच याचे मोल कळेल. वेळच्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, पाठ तपासणे, भरवताना ठसका लागू न देणे. ही माया होती, पण शिकलेली आणि शिस्तीत बसवलेली माया होती.

कॉलेज आहे, पण रुग्णालय कुठे?

आता आजच्या स्थितीकडे येऊ. भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेल्या निकषांनुसार बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालयाला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे आणि दर १० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. या निकषांमागचे कारण सरळ आहे. पोहणे जसे काठावर बसून शिकता येत नाही, तसे नर्सिंग वर्गात बसून शिकता येत नाही. पण कागदावर निकष आणि प्रत्यक्षात इमारत, यांत किती अंतर पडू शकते हे मध्य प्रदेशात दिसले. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी १६९ च योग्य ठरली. पुढे मे २०२४ मध्ये तर सीबीआयने तपासणीचे अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून आपल्याच अधिकाऱ्याला अटक केली, आणि न्यायालयाला फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. म्हणजे ‘योग्य’ ठरलेल्यांवरही विश्वास ठेवणे कठीण झाले.

कर्नाटकात नर्सिंगची महाविद्यालये फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांत उत्तम संस्था आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. पण ‘हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला आलात तरी चालेल’ असे सांगणारे दलालही आहेत. हे ऐकून ज्या पालकाला आनंद होतो, त्याने एकदा असा विचार करावा: उद्या माझ्या आईला अतिदक्षता विभागात ठेवले आणि तिच्या उशाशी अशीच हजेरी न लावता पास झालेली सिस्टर उभी असली तर?

दोष कोणाचा?

एखादी दुर्घटना घडली की पहिले बोट सिस्टरकडे जाते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. तिथे १७ बाळे होती. त्यांतील १० दगावली, ७ वाचली. पुढे कारवाई झाली त्यात कंत्राटी परिचारिकाही होत्या, दोघींवर गुन्हाही दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून ११ जण गेले, तिथेही परिचारिकांना अटक झाली. कोणाची जबाबदारी किती हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण आपण शिक्षण क्षेत्रातील माणसांनी एक प्रश्न विचारला पाहिजे. धुराने भरलेल्या खोलीतून हालचाल न करू शकणारे रुग्ण कोणत्या क्रमाने बाहेर काढायचे, ऑक्सिजनचा पुरवठा कुठे बंद करायचा, याचा सराव आपण या मुलींकडून कधी करून घेतला होता का? आग लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागले नाही म्हणून खणणाऱ्याला शिक्षा करायची, हा न्याय नव्हे.

म्हणून शिक्षणाच्या दर्जाचा आग्रह हा परिचारिकांच्या विरोधातला मुद्दा नाही. तो त्यांच्याच बाजूचा आहे. नीट शिकलेली सिस्टर रुग्णाचे रक्षण करते आणि स्वतःचेही. तिची नोंदवही वेळच्या वेळी लिहिलेली असते. डॉक्टरांची चिठ्ठी वाचता आली नाही तर ती अंदाज करत नाही, विचारते. मात्रा जास्त वाटली तर ‘सर, एकदा पाहता का?’ म्हणण्याचे धैर्य तिच्यात असते. हे धैर्य चांगल्या शिक्षकाकडूनच येते. जिथे चूक सांगणाऱ्या विद्यार्थिनीला सर्वांसमोर झापले जाते, तिथे मुली चूक लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खाटेवर पुन्हा घडते.

यावर काही पालक म्हणतील, ‘हे सगळे ठीक, पण आमची ऐपत पाहून बोला. जिथे प्रवेश मिळेल तिथे घ्यावा लागतो.’ ही अडचण खोटी नाही. परंतु वाईट कॉलेज स्वस्त असतेच असे नाही. दलालाचे पैसे, वेगवेगळ्या नावांनी घेतलेली फी, आणि शेवटी चांगल्या रुग्णालयाच्या मुलाखतीत नाकारले जाणे, हा सगळा हिशेब केला तर तेच महागात पडते. शिवाय आपल्या भागासाठी राज्यघटनेच्या ३७१(जे) कलमाखाली शिक्षणात आणि नोकरीत स्थानिकांना राखीव जागा आहेत. त्याचा दाखला वेळेवर काढला तर सरकारी संस्थेचा दरवाजा आपल्या मुलांनाही उघडू शकतो. अनेक घरांत हा दाखला प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात आठवतो!

प्रवेशापूर्वी हे विचारा

पालकांनी कॉलेज पाहायला जावे ते कामाच्या दिवशी आणि पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

१. कॉलेजचे नाव राज्य परिचर्या परिषदेच्या आणि, पदवी अभ्यासक्रम असेल तर, राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत आहे का? महाराष्ट्रात प्रवेश घेणाऱ्यांनी तेथील परिषदेची आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची यादी पाहावी.

२. रुग्णालय कोणते? स्वतःचे आहे की केवळ कागदावरचा करार? वॉर्डात जाऊन खाटांवर रुग्ण आहेत का ते पाहावे. रिकाम्या खाटा काही शिकवत नाहीत.

३. वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर शिक्षिका असतात का, की मुलींना नुसते कामाला जुंपले जाते? विद्यार्थिनी म्हणजे फुकटची कामगार नव्हे.

४. प्रयोगशाळेत सुई टोचण्याचा, श्वास देण्याचा सराव पुतळ्यांवर होतो का? पुतळे कपाटात कुलूपबंद असतील तर ते तपासणीच्या दिवसासाठी आहेत असे समजावे.

५. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी पाच मिनिटे एकांतात बोलावे. माहितीपत्रकापेक्षा त्या अधिक खरे सांगतील.

आपल्या शाळेचे काम

चांगल्या नर्सचा पाया नर्सिंग कॉलेजात नाही, शाळेत घातला जातो. अपूर्णांक, दशांश आणि गुणोत्तर पक्के असेल तर औषधाची मात्रा चुकणार नाही. दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते, हे गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावे. निरीक्षण करून खरे तेच लिहिण्याची सवय विज्ञानाच्या वहीतून लागते. न केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा विद्यार्थी उद्या न घेतलेला रक्तदाब तक्त्यावर लिहील, ही भीती अवास्तव नाही.

भाषेच्या बाबतीत तर आपल्या मुलांकडे एक ठेवाच आहे. गुरुचरित्र मराठीत रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मायबोली कानडी होती. दोन भाषांत नांदणे ही या मातीची जुनी रीत आहे. कलबुर्गीच्या किंवा सोलापूरच्या कोणत्याही वॉर्डात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असतात. ‘कळ येते’, ‘जळजळते’, ‘मुंग्या येतात’ यांतला फरक ज्या सिस्टरला रुग्णाच्या भाषेत कळतो, ती डॉक्टरांना नेमके सांगू शकते. आपल्या मुलांनी मराठीबरोबर कन्नड मनापासून शिकावी आणि इंग्रजीची भीती घालवावी. नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत आहेत, पण दुखणे मातृभाषेतच बोलते.

विश्वस्त मंडळास विनंती

‘आपल्या संस्थेनेही नर्सिंग कॉलेज काढावे’ अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. हेतू चांगला आहे, यात्रेकरूंनी गजबजलेल्या आपल्या गावाला शिकलेल्या परिचारिकांची गरजही आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, हाताशी पुरेसे रुग्ण असलेले रुग्णालय आणि पूर्णवेळ अनुभवी शिक्षक असल्याशिवाय संस्थेने या वाटेला जाऊ नये. इमारत देणगीतून उभी राहील, अनुभव देणगीतून मिळत नाही. त्याऐवजी तेवढ्याच इच्छाशक्तीने तीन गोष्टी करता येतील. चांगल्या महाविद्यालयात गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी. नर्सिंगमध्ये असलेल्या माजी विद्यार्थिनींना वर्षातून एकदा शाळेत बोलावून मुलांशी बोलते करावे. आणि नववीपासूनच्या सर्व विद्यार्थ्यांना प्रथमोपचाराचे आणि आगीच्या वेळी काय करायचे याचे प्रशिक्षण द्यावे. दत्तजयंतीच्या गर्दीत त्याचा उपयोग होईलच, आणि कोणाला या कामाची खरी ओढ आहे हेही त्यातून कळेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे या क्षेत्रात जाणार आहेत त्यांनी ताठ मानेने जावे. हे काम डॉक्टरांच्या खालचे नव्हे, त्यांच्या शेजारचे आहे. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा खाटेजवळ येतात, परिचारिका चोवीस तास असते, आणि रुग्ण बिघडत चालल्याचे पहिल्यांदा तिच्याच लक्षात येते. पण ते लक्षात येण्यासाठी डोळे शिकलेले असावे लागतात. कॉलेजने शिकवले नाही तर मागून घ्या, शिक्षकांना प्रश्न विचारा, हजेरी चुकवू नका. तुमच्या हातात जो देह येणार आहे तो कोणाच्या तरी आईचा, कोणाच्या तरी बाळाचा असणार आहे.